शून्य शेळ्या

माझी मावशी खाटकाची मुलगी. माझी आईही अर्थात खाटकाचीच, पण आईने ते लग्नानंतर विसरून टाकलं. मावशीला विसरता आलं नाही, कारण त्या दुपारी दुकानात ती होती.

आजोबांचं मटणाचं दुकान एका अरुंद गल्लीत होतं आणि बरोब्बर समोर आणखी एका खाटकाचं. माल तोच, गिऱ्हाईक तेच. आधी भाव पाडापाडी झाली, मग एकमेकांच्या दारात हाडं फेकणं, मग आईबहिणीवरून शिव्या. त्या दुपारी समोरचा खाटीक आजोबांच्या ओट्यावर थुंकला. आजोबांच्या हातात सुरा होताच. तो त्यांनी त्याच्या खांद्यात असा घातला की हाडात रुतून बसला आणि ओढूनही निघेना. मावशी तेव्हा शाळकरी होती, मोरीजवळ मटणाच्या पुड्यांसाठी कागद फाडत बसली होती. रक्ताची चिळकांडी तिच्या फ्रॉकवर आली. ती ओरडली नाही की पळाली नाही. कागद फाडतच राहिली, असं ती सांगते.

आजोबा तुरुंगात गेले. समोरच्याचा हात कायमचा लुळा पडला. दोन्ही दुकानांना कुलपं लागली आणि कोपऱ्यावरच्या कोंबडीवाल्याने वर्षभरात दोन्ही गाळे घेतले. घरात रडारड चालू असताना मावशीने आजीला विचारलं, "कोंबडीवाल्याने तर कुणाला बोटही लावलं नाही. मग तो कसा जिंकला?" आजीने तिच्या थोबाडीत दिली. पण तो प्रश्न मावशीने सोडला नाही. शिष्यवृत्त्या मिळवत ती गणित शिकली आणि शेवटी वन्यजीव खात्याच्या संशोधन विभागात नोकरीला लागली. एका जागेत राहणाऱ्या प्राण्यावनस्पतींची समीकरणं मांडायची, कोण टिकेल आणि कोण मरेल ते सांगायचं, हे तिचं काम.

तिची खोली मी पाहिलेली आहे. भिंतभर पांढरा फळा, एक खिडकी, खिडकीखाली गळका कूलर. फळ्यावर प्रत्येक जातीची एक ओळ. त्या ओळीत ती जात किती वाढते ते आधी, आणि मग वजा, वजा, वजा. स्वतःच्याच भाऊबंदांच्या गर्दीमुळे किती कमी होते, दुसऱ्या जातीमुळे किती, तिसरीमुळे किती. ऑफिसात तिला वजाबाकीबाई म्हणत.

"दोन जाती एकत्र नांदतात कधी?" मी तिला एकदा विचारलं होतं.

"दुसऱ्यापेक्षा स्वतःच्याच जातभाईंच्या वाटेत जास्त आडव्या येतात तेव्हा," ती म्हणाली. "तुझी आई आणि मी एका कपाटात नांदलो, कारण तिला कपड्यांना जागा हवी होती आणि मला पुस्तकांना. दोघींनाही कपडेच हवे असते ना, तर एकीचा मुडदा पडला असता."

"कुणाचा?"

"माझा. तुझी आई चावायची."

किनाऱ्यापासून बोटीने अर्ध्या दिवसावर एक बेट आहे. तिथे जमिनीत बिळं करून अंडी घालणारे समुद्रपक्षी होते, आणि केव्हातरी कुठल्याशा जहाजाने सोडून दिलेल्या शेळ्या होत्या. शेळ्या रानटी झाल्या, हजारोंनी वाढल्या. गवत संपलं, उघडी माती वाऱ्यावर गेली, शेळ्यांच्या खुरांखाली बिळं ढासळून पिल्लं जिवंत गाडली जाऊ लागली. खात्याच्या साहेबांनी मावशीला विचारलं, किती शेळ्या ठेवल्या तर पक्षी वाचतील?

मावशीने दोन महिने हिशेब केला. मूठभर उरल्या तरी काही वर्षांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न होत होते.

"शून्य," ती म्हणाली.

"शून्य म्हणजे अंदाजे?"

"साहेब, शून्य अंदाजे नसतं."

साहेब हसले नाहीत. "मग तुम्हीही जा. फळ्यावर मारणं सोपं असतं."

मारेकऱ्यांच्या तुकडीचा म्होरक्या सैन्यातून निवृत्त झालेला होता. त्याला सगळे फौजी म्हणत. उंच, कमी बोलणारा, कान अर्धवट गेलेला. मावशीला बघून तो सोबत्यांना म्हणाला, "बाईंसाठी उलटीची बादली ठेवा."

बादली लागली ती तुकडीतल्या दोन पुरुषांना. पहिल्या दिवशी एका घळीत कळप कोंडला आणि वरून गोळ्या सुरू झाल्या. शेळ्या एकमेकींवर चढून कडा चढू बघत होत्या. वरची पडे ती खालचीला घेऊन पडे. गाभण शेळ्यांची पोटं फुटली. आया पडल्यावरही करडं आचळाला लुचत होती, आणि फौजीने ती एकेक करून टिपली. धूर निवळला तेव्हा तळाशी काहीतरी अजून हलत होतं. एक बोकड, कंबर मोडलेला, पुढच्या पायांनी मुडद्यांवरून सरपटत होता. फौजीची बंदूक अडकली. मावशी घळीत उतरली, बोकडाची मान मांडीवर घेतली आणि एका फटक्यात सुरी फिरवली. वर आली तेव्हा कोपरापर्यंत लाल होती.

"कुठे शिकलात?" फौजीने विचारलं.

"घरी."

त्यानंतर बादलीचा विषय निघाला नाही. जखमी जनावर दिसलं की "बाई!" अशी हाक यायची. महिनाभर हेच. मुडद्यांवर खेकडे चढले, पाखरांनी डोळे फोडून खाल्ले, वाऱ्याची दिशा बदलली की जेवण नको व्हायचं. मावशी संध्याकाळी आकडे मांडायची आणि आकडे तिच्या समीकरणाप्रमाणेच खाली येत होते. खोटं कशाला बोलू, तेव्हा आनंद व्हायचा, असं ती मला म्हणाली.

मग आकडा अडला. उरलेल्या शेळ्या शहाण्या झाल्या होत्या. माणसाचा वास आला की कपारींत गडप व्हायच्या. त्यावर एकच उपाय होता: फितूर. शेळीला एकटं राहवत नाही. एका माणसाळलेल्या शेळीच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांधून तिला बेटावर सोडायची. ती आपल्या जातीला शोधून काढते, यंत्रावर पट्ट्याची टिकटिक ऐकत आपण तिला शोधायचं. तिला सोडून बाकीच्यांना मारायचं. मग ती पुन्हा दुसऱ्यांना शोधते.

शेळी आणायला मावशी किनाऱ्यावरच्या वस्तीत गेली. तिथला शेळीवाला चाळिशीचा, काटक, हसतमुख. बायको दूध काढत होती. त्याने अंगणातली एक पांढरी शेळी पुढे केली. तिच्या उजव्या कानाला त्याची खूण होती, दुहेरी चीर.

"गरीब आहे, बाई. हाक मारली की येते. पण परत द्याल ना?"

"काम झालं की परत."

"कागदावर नको. तोंडाने सांगा."

"शब्द देते," मावशी म्हणाली.

पांढरीने काम चोख केलं. तिला सोडलं की दुसऱ्या दिवशी यंत्राची टिकटिक कुठल्यातरी कपारीपाशी जाऊन थांबे. मावशी कानाला यंत्र लावून पुढे, फौजी मागे. पहिल्या वेळी आठ मेल्या. पांढरी मधोमध उभी राहिली, थरथरत, अंगावर दुसऱ्यांचं रक्त. दुसऱ्या वेळी पाच. तिसऱ्या वेळी दोन म्हाताऱ्या शेळ्या आणि एक करडू. चौथ्यांदा सोडली तेव्हा टिकटिक दूर गेलीच नाही. पांढरी सरळ तंबूकडे चालत आली आणि मावशीच्या पायाशी बसली. बेटावर तिच्या सोबतीला आता माणसंच उरली होती.

"संपल्या," फौजी म्हणाला. मावशीने आणखी दोन आठवडे बेट पालथं घातलं. खरंच संपल्या होत्या.

वायरलेसवर साहेबांचा हुकूम आला: बेटावरचं कुठलंही जनावर किनाऱ्यावर आणायचं नाही, रोगाची भीती आहे. बेटावर एकही ठेवायचं नाही.

"साहेब, ती शेळी मी शब्द देऊन आणलीय."

"शून्य तुमचाच आकडा होता, बाई."

ती भांडली, विनवलं, राजीनाम्याची धमकी दिली. साहेबांनी वायरलेस बंद केला. फौजी म्हणाला, "तुम्ही तंबूत बसा. मी लांबून टिपतो, तिला कळणारही नाही."

"लांबून नको. हाताने होऊ दे. माझ्या."

तिने पांढरीला पाणी पाजलं, गळ्यातला पट्टा काढला, मानेखाली हात घातला. पांढरीने तिचं मनगट चाटलं. मावशीने सुरी फिरवली. रक्त वाळूत मुरेपर्यंत डोकं धरून बसली. ती सुरी पुसत होती आणि पाण्याची पिंपं घेऊन येणारी बोट धक्क्याला लागली. त्या बोटीतून शेळीवाला उतरला. काम संपल्याचं वस्तीत कळलं होतं, आपली शेळी न्यायला तो आला होता. हातात दोरी होती, कमरेला कोयता.

त्याने आधी शेळीचा कान उचलून पाहिला. मग मावशीकडे पाहिलं.

"तोंडाने बोलली होतीस."

मावशी काही बोलणार इतक्यात कोयता आला. तिने डावा हात वर केला म्हणून मान वाचली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाळूत पडलं. दुसरा वार खांद्यावर बसला. तिसऱ्यासाठी त्याने हात उचलला आणि फौजीने धावत येऊन बंदुकीचा दस्ता त्याच्या जबड्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मावशीला ऐकू आला. शेळीवाला पडला तरी फौजी थांबेना. दस्ता वर जात होता, खाली येत होता.

"मरेल तो!" मावशी किंचाळली आणि रक्ताळलेला हात घेऊनच मध्ये पडली. फौजीचा एक तडाखा तिच्या पाठीत बसला, तेव्हा तो भानावर आला.

दोघांना एकाच बोटीने आणलं. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला हातपाय बांधलेला तो. दोघंही रक्त गाळत, कण्हत होती.

खटला चालला. सरकारी वकिलाला खुनाचा प्रयत्न सिद्ध करायचा होता आणि साक्षीदार म्हणून मावशीच होती. न्यायाधीशांनी विचारलं, "आरोपीने काही कारण नसताना हल्ला केला का?"

"कारण होतं," मावशी म्हणाली. "मी शब्द मोडला."

"शेळीसाठी माणसाचा जीव घ्यायचा?"

"ते मी सांगू शकत नाही, साहेब. पण कारण होतं."

शिक्षा कमी झाली, तरी चार वर्षं तो आत गेला. आमच्या घरी मावशीचा हात बरा होत असताना आई तिला भरवायची आणि भरवता भरवता बोलायची. "बापाचंच रक्त! एवढं शिकलीस, आणि शेवटी सुरीच धरलीस." मावशीने एकदा ताट भिंतीवर फेकून मारलं. मग दोघी बहिणी फरशीवरचं अन्न गोळा करत एकमेकींना शिव्या देत रडल्या.

बेट मात्र सुधारलं. दोन हंगाम पक्षी भरभरून आले, गवत गुडघ्याएवढं झालं. वर्तमानपत्रात साहेबांचा फोटो आला, त्यांना बढती मिळाली. तिसऱ्या हंगामात मावशी पाहणीला गेली तेव्हा अर्ध्या उतारावर एक काटेरी वेल पसरली होती. तिने आत हात घातला तर बिळांची तोंडं बंद. पक्षी वेलीत अडकून वाळले होते. पिल्लांच्या मानांभोवती वेलीचे तणावे फिरले होते, फास बसावा तसे. एक अजून जिवंत होतं. तिने कात्रीने तणावा कापला, पण काटा डोळ्यातून आरपार गेला होता. तिने त्याची मान मोडली. मग त्याच्या शेजारच्याची. संध्याकाळपर्यंत ती तेच करत होती.

परत येऊन ती फळ्यासमोर उभी राहिली. ही वेल तिला ठाऊक होती. समीकरणांत तिची ओळही होती, सगळ्यात खाली. पण मोजणीच्या वेळी ती इथेतिथे वीतभर दिसायची, म्हणून तिचा त्रास मावशीने जवळजवळ काहीच धरला नव्हता. ती वीतभर होती, कारण शेळ्या ती खात होत्या. शेळ्यांच्या दाढेखाली असताना मोजलेल्या वेलीला मावशीने गरीब समजलं. ओळ दुरुस्त करून तिने हिशेब पुन्हा चालवला. शेळ्या फार असल्या तर पक्षी मरत होते, शून्य असल्या तरी मरत होते. मधल्या एका चिंचोळ्या पट्ट्यात तिघंही नांदत होती: थोडे खच्ची केलेले बोकड, दर हंगामाला वेल पाहून काही नवे सोडायचे, काही कापायचे.

ती साहेबांकडे गेली. आता दुसरे साहेब होते.

"आधी म्हणालात सगळ्या मारा. आता म्हणता आणून सोडा. तुमच्या गणिताचं म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!"

"चूक झाली. माझी."

"लेखी द्याल?"

तिने लेखी दिलं. तिची बढती कायमची गेली. परवानगी मिळाली, पण बोकड कोण देणार? त्या प्रकरणानंतर किनाऱ्यावरच्या एकाही शेळीवाल्याने खात्याला दाराशी उभं केलं नसतं. "तो हो म्हणाला तर आम्ही हो," एवढंच सगळे म्हणत. तो नुकताच सुटून आला होता.

मावशी त्याच्या घरी एकटी गेली. बायकोने दार उघडलं आणि ओळखून ती नुसती बाजूला झाली. शेळीवाला आत खाटेवर होता. जबडा एका बाजूला वाकडा जुळला होता, बोलताना लाळ गळायची. तो उठला. कोपऱ्यातली शेळ्या हाकायची काठी घेतली आणि काही न विचारता मारायला लागला. पाठीवर, दंडावर, मांड्यांवर. मावशी खाली बसली, डोकं तेवढं झाकून घेतलं. उठून पळाली का नाहीस, असं मी तिला विचारलं. "पळायला गेलं असतं तर पुन्हा यायला जमलं नसतं," ती म्हणाली.

शेवटी बायकोने काठी धरली. "मेली तर परत आत जाशील. मी आता एकटी नाही राहायची."

तो धापा टाकत खाटेवर बसला. "काय पाहिजे?"

मावशीने सांगितलं. त्याला आधी कळेना, मग कळलं आणि तो हसला. वाकड्या जबड्यातून ते हसणं शिट्टीसारखं बाहेर पडलं.

"म्हणजे तुझं गणित चुकलं?"

"चुकलं."

"ऐकू नाही आलं."

"चुकलं!"

"बाहेर जाऊन बोल."

ती भिंत धरून उठली, अंगणात गेली आणि वस्तीला ऐकू जाईल असं ओरडली, "माझं गणित चुकलं!" शेजारची दारं उघडली. कुणीतरी विचारलं, "काय झालं गं?" शेळीवाल्याची बायको म्हणाली, "काही नाही, सरकार आलंय."

त्याने अट घातली. कापायचं ते तो कापणार. तिचा हात त्याच्या जनावराला लागता कामा नये. मावशीने मान हलवली. "तोंडाने," तो म्हणाला. तिने तोंडाने सांगितलं, आणि तो शब्द पाळला.

नऊ वर्षं ते दोघं बेटावर गेले. ती वेल मोजायची, आकडा सांगायची. तो तेवढे बोकड सोडायचा किंवा कापायचा. प्रेमाचा शब्द नाही. एकदा आकड्यावरून भांडण होऊन त्याने तिच्या अंगावर आतडी फेकली, तिने त्याला पाण्यात ढकललं. बोटवाल्याने दोघांना बाहेर ओढलं आणि परतीच्या वाटेवर सगळ्यांना ऐकवलं की असली बिनलग्नाची नवराबायको त्याने पाहिली नव्हती. त्यावर मात्र दोघंही एकदम त्याच्यावर उखडली. पक्षी टिकले. भरभरून नाही, पण दर वर्षी येत राहिले.

गेल्या वर्षी वेलीत अडकलेला एक बोकड सोडवायला शेळीवाला कड्यावर उतरला. बोकडाने धडपड केली, दगड निसटला आणि दोघं खाली गेले. मावशी आता साठीची, तरी दोर बांधून तीच उतरली. त्याचं डोकं फुटलं होतं, एक पाय उलटा फिरला होता, जीव गेला होता. बोकड त्याच्या अंगावर पडून जिवंत होता, ओरडत होता. मावशीने आधी बोकड बाजूला केला, त्याला हात लावावाच लागला. मग शेळीवाल्याला पाठीशी बांधलं आणि वरून बोटीवरच्या चौघांनी दोघांना ओढून काढलं. धक्क्यावर त्याची बायको उभी होती. तिने मावशीच्या छातीवर मुठी मारल्या, मारता मारता तिलाच धरून राहिली.

शेळीवाल्याचा मुलगा शहरात कारखान्यात आहे. त्याने आईला साफ सांगितलं, मी येणार नाही, सगळं विकून टाक. मावशीने नवा माणूस शोधायला सुरुवात केली, दोघांना भेटलीही.

यंदाच्या हंगामाला मी तिला सोडायला धक्क्यावर गेले होते. शेळीवाल्याची बायको पाच बोकड घेऊन आधीच बोटीत बसली होती. पदर खोचलेला, शेजारी सुरी फडक्यात गुंडाळलेली.

"किती कापायचे?" तिने विचारलं.

"बेटावरचे म्हातारे सात. हे पाच सोडायचे."

"सहा कापीन."

"सात."

"मला एवढं जमणार नाही. तो कापायचा. मी नुसती दूध काढायचे."

मावशीने फडक्यातली सुरी पाहिली. मग म्हणाली, "मी कापलं तर चालेल का तुला?"

बायकोने बोकडांकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. "पाय मी धरीन," ती म्हणाली आणि सरकून बसली. बोटवाल्याने इंजिन सुरू केलं.